बाविसाव्या आठवड्याचा आकडा बघून देश निवडू नका

तुम्ही लिहिलंय की पहिलं बाळ गरोदरपणाच्या चोविसाव्या आठवड्यात झालं आणि गेलं. आता दुसऱ्याचा विचार आहे, आणि नवऱ्याला स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका अशा तीन ठिकाणी नोकरी मिळू शकते. पुन्हा तसंच झालं तर बाळ वाचण्याची शक्यता कुठे जास्त, हा तुमचा प्रश्न. सोबत तक्ता दिलाय, त्यात २२ आठवड्यांपुढे स्वीडनच्या रकान्यात ३० टक्के आहे आणि फ्रान्सच्या रकान्यात जेमतेम १. फ्रान्सचे डॉक्टर इतके मागे कसे, असंही विचारलंय.

मी अकरा वर्षं स्वीडनमध्ये आहे. माझी मुलगी इथेच झाली, पंचवीस आठवडे चार दिवसांची. आता नऊ वर्षांची आहे. मी डॉक्टर नाही, पण चौऱ्याण्णव दिवस काचेच्या पेटीशेजारी बसून काढले आणि त्या दिवसांत हेच सगळं वाचत होते.

आधी तक्ता. फ्रान्सचे डॉक्टर मागे नाहीत. तिथला २०११ चा मोठा अभ्यास बघा: २४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांपैकी साधारण १ टक्का बाळं घरी गेली, २४ व्या आठवड्यातली ३१ टक्के, २५ व्यातली ५९ आणि २६ व्यातली ७५. दोन आठवड्यांत बाळ एवढं बदलत नाही, डॉक्टरांचा हात तर मुळीच नाही. बदलतो तो निर्णय. २२-२३ आठवड्यांच्या बहुतेक बाळांना तिथे श्वासाची नळी घातलीच जात नव्हती. त्यांना उबेत ठेवायचं, दुखू द्यायचं नाही, आईजवळ द्यायचं, हाच त्यांचा उपचार. स्वीडनमध्ये त्याच बाळांपैकी बऱ्याच जणांवर पूर्ण उपचार सुरू होतात. २००४ ते २००७ मध्ये इथे २३ व्या आठवड्यातली ५३ टक्के बाळं वर्षाची झाली आणि २६ व्यातली ८५ टक्के. म्हणजे २३ व्या आठवड्यावर दोन देशांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि २६ व्यावर ८५ विरुद्ध ७५. वर्षं वेगळी आहेत, मोजण्याची पद्धतही थोडी वेगळी, तरी कल आपल्याला दिसतो. तुमच्या तक्त्यातला ३० हा आकडा स्वीडनच्या २०१४ ते २०१६ चा आहे. त्याच्या दहा वर्षं आधी याच देशात तो १० च्या आसपास होता.

दुसरी गोम अपूर्णांकाच्या छेदात असते. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांच्या २०१३ ते २०१८ च्या नोंदींत २२ व्या आठवड्यात जिवंत जन्मलेली ५४९ बाळं होती. त्यांतली ६० घरी गेली, म्हणजे ११ टक्के. पण पूर्ण उपचार सुरू केले होते फक्त २०० बाळांवर, आणि वाचलेली ६० त्यांतलीच. त्या हिशोबाने ३० टक्के. तीच बाळं, तीच रुग्णालयं, आणि आकडा जवळजवळ तिप्पट. त्यामुळे कोणी टक्केवारी दाखवली की मी आधी विचारते, कशातले टक्के? जिवंत जन्मलेल्यांतले, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दाखल झालेल्यांतले, की उपचार सुरू केलेल्यांतले? जपानचे आकडे नेहमी डोळे दिपवतात (बाळ बाहेर जगू शकतं असं कायदा जिथून मानतो ती मर्यादा तिथे १९९१ मध्येच २४ वरून २२ आठवड्यांवर आणली होती), पण त्यांतले बरेच आकडे एनआयसीयूपर्यंत पोहोचलेल्या बाळांचे असतात. प्रसूतिगृहातच गेलेलं बाळ त्या हिशोबात येत नाही. जपानची कामगिरी खरोखरच थोर आहे, फक्त ती तुमच्या तक्त्याच्या रकान्यात जशीच्या तशी बसवता येत नाही.

आता तुमचे तीन देश. नेदरलँड्समध्ये २०१० पर्यंत पूर्ण उपचार २५ आठवड्यांपासून होते, तेव्हापासून ते २४ वर आले, आणि २४-२५ आठवड्यांत आईवडिलांशी बोलून ठरवतात. माझी एक मैत्रीण तिथे २३ आठवडे ६ दिवसांवर कळा येऊन दाखल झाली होती. मध्यरात्रीनंतर तिचे २४ पूर्ण होणार होते. ती मला म्हणाली, ‘कळा मोजायचं सोडून मी भिंतीवरचं घड्याळच बघत होते.’ बाळ चार दिवसांनी झालं, ते वेगळं. स्वीडनमध्ये २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार २३ पासून उपचाराची शिफारस आहे आणि २२ ला विचार करायचा असतो. त्याआधी इथेही उमेओ आणि उप्साला भागांत डॉक्टर जास्त पुढाकार घ्यायचे, बाकी ठिकाणी कमी. एकाच देशात, एकाच भाषेत. अमेरिकेत तर देशाची रेघच नाही, रुग्णालयागणिक धोरण बदलतं. २२ व्या आठवड्यात काही ठिकाणी प्रत्येक बाळावर उपचार करायचे आणि काही ठिकाणी एकाही नाही, असं तिथल्याच पाहणीत दिसलं होतं. ब्रिटन तुमच्या यादीत नाही, तरी सांगते, तिथेही २०१९ पासून २२ आठवड्यांच्या बाळाचा विचार होतो, पण प्रत्येकाचा धोका बघून.

आमच्या वेळी ‘उपचार करायचे का’ असं कोणी विचारलंच नाही. पंचवीस-चारला इथे तो प्रश्न उरत नाही. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून मला इंजेक्शनं दिली, मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम लावलं आणि मला पोटातल्या बाळासकट मोठ्या केंद्रात हलवलं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. बाळ लहान रुग्णालयात जन्मून मग रुग्णवाहिकेतून जाण्यापेक्षा आईनेच आधी तिथे पोहोचणं कितीतरी बरं. फुप्फुसांची ती इंजेक्शनं १९७२ पासून माहीत आहेत, न्यूझीलंडमध्ये सुरू झाली, औषध स्वस्त आहे. तरी गरीब देशांत २८ आठवड्यांच्या आतली नव्वद टक्क्यांहून जास्त बाळं पहिल्या काही दिवसांतच जातात आणि श्रीमंत देशांत दहा टक्क्यांहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खरी दरी ती आहे. तुमचे तिन्ही देश तिच्या एकाच काठावर आहेत.

मला सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? दूध. दोन तासांनी एक मिलिलिटर. नाकातल्या नळीला सिरिंज लावायची, दट्ट्या काढून टाकायचा आणि सिरिंज हातात उंच धरून उभं राहायचं. दूध आपोआप, आपल्या वजनाने उतरतं. हात जरा खाली आला की थांबतं, वर गेला की धावतं. पहिल्या दिवशी माझी नजर मॉनिटरवर खिळली होती. ऑक्सिजन ८८, ८५, ८१, आणि घंटी. नर्सने माझी हनुवटी धरून मान बाळाकडे वळवली. म्हणाली, रंग बघ, आकडा नंतर. आठवड्याभरात मुलगी काचेतून बाहेर, तारांसकट माझ्या छातीवर होती, आणि रात्रीची पाळी नवऱ्याची. हे जमलं कारण बाळ रुग्णालयात असताना इथे आईवडिलांना वेगळा तात्पुरता भत्ता मिळतो, पालकत्वाच्या रजेच्या ४८० दिवसांना हात लागत नाही. स्टॉकहोममधल्या एका प्रयोगात आईवडिलांना रात्रंदिवस बाळाजवळ राहण्याची सोय दिली, तर बाळं सरासरी पाच दिवस आधी घरी गेली.

म्हणून देश निवडताना मी टक्केवारीच्या आधी हे बघीन. अमेरिकेत देशभराच्या कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा बिनपगारी असते आणि तीही नोकरीत वर्ष झाल्यावर. नवीन माणसाला त्यातलं काहीच नाही. बाळाचं नाव कंपनीच्या विम्यात साधारण तीस दिवसांत घालावं लागतं, आणि तेही तुम्ही एनआयसीयूत बसलेले असताना. नेदरलँड्समध्ये बाळ रुग्णालयात राहिलं तर आईची रजा आणखी दहा आठवड्यांपर्यंत वाढते. स्वीडनला वर्षापेक्षा कमी मुदतीचा करार घेऊन येऊ नका, लोकसंख्या नोंदणीत नाव जात नाही आणि मग प्रत्येक खिडकीवर अडतं.

वाचणं आणि बरं असणं यात अंतर आहे, तेही सांगायला हवं. स्वीडनच्या त्याच २००४-०७ च्या मुलांना साडेसहाव्या वर्षी तपासलं तेव्हा ३६ टक्क्यांना काहीच अडचण नव्हती, ३० टक्क्यांना सौम्य, २० ना मध्यम आणि १३ ना गंभीर. माझी मुलगी दुसऱ्या गटात. चष्मा आहे, कात्री अजून नीट चालत नाही, बडबड मात्र थांबत नाही. कमी आठवड्यांवर थांबणारे फ्रेंच किंवा डच डॉक्टर निर्दयी नसतात, त्यांच्या डोळ्यांपुढे तो चौथा गट असतो. मला विचाराल तर मी स्वीडनच्या बाजूची आहे, पण माझं बाळ वाचलंय. मी त्रयस्थ नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाहीच, पण मला ती सगळ्यांत मोठी वाटते. तुमचं आधीचं बाळ लवकर झालंय, तेव्हा पुढच्या खेपेला १६ ते २४ आठवड्यांत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीवर मोजतात. ती २५ मिलिमीटर किंवा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक) देतात किंवा त्या तोंडाला टाका घालतात. नेमके हे आठ आठवडे सामान बांधण्यात, व्हिसात आणि नव्या डॉक्टरची वाट बघण्यात गेले तर कुठल्याच देशाचा आकडा कामाचा नाही. एकतर दिवस राहण्याआधी या, नाहीतर चोविसावा उलटेपर्यंत आहात तिथेच नीट दाखवा आणि मग प्रवासाचं डॉक्टरांना विचारा. येताना पहिल्या खेपेचे सगळे कागद आणा, आणि या खेपेची पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तर हमखास. आठवडे त्यावरून ठरतात, आणि २३-६ की २४-० हे ठरायची वेळ आली तर तोच कागद बघतात.

नवऱ्याला रुजू कधी व्हायचंय ते कळवा, म्हणजे तारखा मांडून बघू.