दोन चुली कशाला?

परदेशातल्या संसाराबद्दल वाचकांचे प्रश्न आणि आमच्या मावशींची उत्तरं. या वेळची सगळी पत्रं जर्मनीतली आहेत. मावशींचा स्वतःचा संसार तिथेच झाला, त्यामुळे आम्ही मध्ये बोलत नाही.

मावशी, आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी अडीच वर्षांची आहे, सप्टेंबरपासून किटात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, जाते. तिथे नूडल्स, बटाटे, काकडी, पाव सगळं खाते म्हणे. घरी पोळी-भाजी पुढे ठेवली की तोंड फिरवते. मी साडेपाचला कामावरून येते. आल्याआल्या तिला पास्ता करून देते, मग आमचा स्वयंपाक, आठला आम्ही जेवायला बसतो आणि तेव्हा तिला परत पोळी भरवायचा प्रयत्न करतो. रोज रडारड. सासूबाई व्हिडिओ कॉलवर ‘पोर वाळलंय’ म्हणतात. दोन-दोन स्वयंपाक करून मी दमून गेलेय. आणि अशानं ती आपलं जेवण विसरेल का?

आधी घड्याळ बघ, ताटाकडे नंतर वळू. किटात साडेअकरा-बाराला गरम जेवण होतं, तीनच्या आसपास फळं किंवा पावाचा तुकडा. तिच्या वर्गातली बाकीची पोरं सहाला पाव, चीज, काकडी असं थंड जेवण उरकतात आणि सात-साडेसातला अंथरुणात असतात. तुझ्या लेकीच्या पोटात सहाला पास्ता गेलेला. आठला तिला पुन्हा बसवलंस तर ती पेंगणारच. त्या वेळी श्रीखंड दिलंस तरी नाक मुरडेल. पोळीचा काय दोष?

म्हणून जेवण सहा-सव्वासहाला आण. सगळ्यांचं. ‘आम्हाला एवढ्या लवकर भूक नसते’ असं नवरोबा म्हणतील, त्यांना नऊला दूध-केळं घेऊ दे. आणि वेळ दिवेलागणीवर ठेवू नकोस. डिसेंबरात तिथे साडेचारला अंधार पडतो, जूनमध्ये साडेनऊ झाले तरी उजेड असतो. घड्याळावर ठेव.

साडेपाचला घरात पाऊल आणि सहाला पानं, हे कसं जमायचं? कामाच्या दिवशी पोळ्या करू नकोस. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे. पोळी शनिवार-रविवारची. त्यातही तिथला ४०५ नंबरचा आटा घेतलास तर तो आपला मैदाच. १०५० घे, किंवा इंडियन दुकानातल्या कणकेत निम्मा मिसळ, कोमट पाण्यात भिजव आणि अर्धा तास झाकून ठेव. सोमवार ते शुक्रवार वरण-भात, खिचडी, धिरडी, उपमा. यातलं काहीही अर्ध्या तासात होतं.

वरणाला तुरीच्या डाळीचा हट्ट नको. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात ‘रोटे लिन्झेन’ची पुडी मिळते. ती आपली मसूर डाळ. भिजवायला नको, कुकर नको, पंधरा मिनिटांत गळून जाते. भाताला ‘मिल्शराइस’ घे. जर्मन लोक तो गोल, बुटका तांदूळ दुधात शिजवून गोड खातात. तू पाण्यात शिजव, मऊ गुरगुट्या भात होतो. आंबेमोहोराचा वास येणार नाही, पण लहान पोराच्या तोंडाला तो बरोबर लागतो. एका शेगडीवर डाळ, दुसरीवर भात, तिसरीवर गाजर-फ्लॉवर वाफायला, आणि तू हात-पाय धुऊन लेकीशी पाच मिनिटं बस.

आता दोन स्वयंपाकांचं. डाळ शिजली की हळद, हिंग, बेताचं मीठ, गुळाचा खडा घाल आणि लेकीची वाटी काढून ठेव. मग उरलेल्या पातेल्यात तुमची फोडणी, लाल तिखट, गोडा मसाला, आमसूल, काय हवं ते. भाजीचंही तसंच. वाफवलेले चार तुकडे तिच्या ताटात, बाकीच्यांवर मिरची-मोहरी. चूल एक, वाटी वेगळी. आपल्याकडे घरात म्हातारं माणूस किंवा पथ्याचं कुणी असलं की बायका हेच करत आल्या आहेत, त्यात तुझ्यावर काही जगावेगळं आलेलं नाही.

तिचं ताट मात्र कालवू नकोस. किटात तिला भात वेगळा, भाजी वेगळी बघायची सवय लागली आहे, आणि बऱ्याच किटांत मुलं स्वतः वाढून घेतात. तिथे स्वतःच्या हाताने घेणाऱ्या पोरीला तू घरी घास भरवायला गेलीस तर ती तोंड मिटणारच. वाटी पुढे ठेव, चमचा दे, जमिनीवर जुना टॉवेल घाल आणि तू तुझं जेव. तिने दोन चमचे खाल्ले तर दोन. पाठीमागे वाटी घेऊन फिरायचं नाही. शुक्रवारी सगळ्यांनी पास्ता खा, मजेत. पास्त्याशी वैर धरून काही मिळत नाही.

तुपाचं सांगते, कारण वरण-भाताची निम्मी लढाई तूप जिंकतं. बाजारात ‘बुटरश्माल्झ’ म्हणून तयार मिळतं, तळणाला ठीक आहे, पण त्याला कढवल्याचा वास नाही. लोण्याच्या २५० ग्रॅमच्या लादीवर ‘झाउअरराम’ लिहिलेलं बघून घे. ते विरजलेल्या सायीचं लोणी, म्हणून त्याचं तूप आपल्या लोणकढ्याच्या जवळ जातं. मीठ घातलेलं घेऊ नकोस. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेव. आधी पांढरा फेस वर येतो, मग तडतड सुरू होते, ते आतलं पाणी उडतंय. तडतड मंदावली की तिथून हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. तळाला बेरी बदामी दिसली की पातेलं उचलून बाजूला घे. नुसतं बटण बंद करून भागत नाही, काचेची शेगडी नंतरही बराच वेळ तापलेली असते आणि बेरी करपते. एका लादीचं २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. गाळून उरलेल्या बेरीत साखर घाल आणि लेकीच्या तळहातावर ठेव. ती कुठल्या देशात वाढतेय ते बेरीला कळत नाही.

सासूबाईंसाठी औषध तुझ्या घरातच आहे, ती पिवळी वही. जन्मल्यापासून प्रत्येक तपासणीला डॉक्टर त्यात वजन-उंची मांडतात. २१ ते २४ महिन्यांतली ‘यू ७’ तपासणी झालेलीच असेल, ३४ ते ३६ महिन्यांतली यू ७ ए पुढे येईल. आलेखावरचे ठिपके तिच्या स्वतःच्या रेषेने वर चढत असतील तर पोर वाळलेलं नाही. मोबाइलच्या पडद्यावर तशीही सगळीच पोरं वाळलेली दिसतात. रेष खाली घसरत असेल तर मात्र सासूबाईंचं नाही, डॉक्टरांचं ऐक. त्या पानाचा फोटो काढून त्यांना पाठव, आणि जेवायच्या वेळचा कॉल बंद कर. तुझे संध्याकाळचे सहा म्हणजे त्यांची रात्र, हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. त्या पेंगत असतात, पोर चिडलेलं असतं, मग बोलायला विषय उरतो तो तब्येतीचा. शनिवारी सकाळी नऊला लाव. तेव्हा त्यांची दुपारच्या जेवणाची वेळ असते. त्यांना सांग, पान घेऊनच बसा. आजी भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवते आहे हे लेकीने नुसतं बघितलं तरी पुष्कळ झालं.

विसरेल का म्हणतेस. आठवड्याला पाच दुपारी किटाच्या. सगळ्या संध्याकाळी, शनिवार, रविवार, सणवार, आजारपणातली पेज हे सगळं तुझ्या हातात आहे. हिशोब तूच कर.

आमचा मुलगा ११ महिन्यांचा आहे. पत्नी कामावर रुजू झाली आणि आता दोन महिने मी सुट्टी घेऊन घरी आहे. आई साताऱ्याहून सांगते, मध चाटव, वरणात मीठ घाल, गाईचं दूध सुरू कर. इथले डॉक्टर वेगळं सांगतात. कुणाचं ऐकू? शिवाय ‘बाप्या माणूस घरी बसून पेज ढवळतोय’ हेही ऐकावं लागतं. (म्युनिक)

मधाच्या बाबतीत डॉक्टरांचंच. वर्ष होईपर्यंत बोटभरही नाही. मधात बॉट्युलिझमचे जंतू असू शकतात. मोठ्या माणसाचं आतडं ते निभावतं, तान्ह्याचं नाही. मीठही वर्षापर्यंत न घातलेलं बरं, बाळाला वरण अळणी लागत नाही, ते आपल्याला लागतं. गाईचं दूध खिरीत, लापशीत थोडं चालतं, पण पोटभर प्यायला वर्षानंतर. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची गोळी दिली असेल तर ती चुकवू नका, त्या हिवाळ्यात ऊन कुठलं?

बाकी आईंचं पुष्कळ ऐकण्यासारखं असतं. नाचणीचं सत्त्व इंडियन दुकानात मिळतं, ते पाण्यात कालवून गुठळी न होऊ देता शिजवा, वरून तूप. मऊ भात, मुगाची खिचडी, लुसलुशीत इडलीचे लांबट तुकडे त्याच्या हातात द्या. अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं मात्र नकोत, घशात अडकतात. दाण्याचं अगदी बारीक कूट खिचडीत मिसळलेलं चालतं.

आणि पेज ढवळण्याबद्दल आईंना एवढंच सांगा की फक्त आईनेच घेतला तर सरकार पालकभत्ता १२ महिने देतं, बापानेही किमान दोन महिने घेतले तर दोघांचे मिळून १४ होतात. तुम्ही घरी बसला नाहीत, दोन महिन्यांचा भत्ता आणलात. असा हिशोब साताऱ्यात लगेच पटतो.

फोडणीचा वास जिन्यात जातो अशी वरच्या बाईंची कुरकुर आहे. हिवाळ्यात खिडकी तरी किती वेळ उघडी ठेवणार? (फ्रँकफर्ट)

पाच-दहा मिनिटं, पण सताड. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, हीटर बंद करा. फटीएवढी खिडकी तासभर उघडी ठेवली तर घर गारठतं आणि वासही जात नाही. शेगडीवरचा पंखा बहुतेक हवा बाहेर न फेकता घरातच फिरवत असेल. त्यात कोळशाचा फिल्टर असतो, तो कधी बदललात? फोडणी देताना दाराजवळ टांगलेले कोट आत खोलीत न्या, स्वयंपाकघराचं दार लावा. रविवारी सकाळी मिक्सर लावू नका, तिथे रविवार शांततेचा. चटणी शनिवारीच वाटून ठेवा. वरच्या बाईंना एकदा गरम थालीपीठ नेऊन द्या. आवडलं नाही तरी तोंड भरलेलं असताना कुरकुर कमी होते.

आई पहिल्यांदा येतेय, तीन महिने राहणार. नातवासाठी काय काय आणू असं रोज विचारते. काय सांगू? (कार्ल्सरुह)

आधी काय आणायचं नाही ते. पेढे, खवा, बर्फी, तूप, चीज, काही नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे, विमानतळावर निघाले तर टोपलीत जातात. ताजा कढीपत्ता, आंबे, हिरव्या मिरच्या यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते कोण काढणार? नारळाला मात्र त्यातून सूट आहे.

आणायचं ते मेतकूट, थालीपीठाची भाजणी, गोडा मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ. फराळातली चकली, शेव, चिवडा येऊ दे. लाडू तिथे आल्यावर आजीच्या हातचे होतील, तिलाही काही काम हवं. तीन महिने म्हणतेस ते ९० दिवस नीट मोजून तिकीट काढ. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च, आणि आल्याचा-गेल्याचा दिवसही त्यात धरतात. विमा निदान ३०,००० युरोचा लागतो. पंचाहत्तरीच्या पुढे तो महाग पडतो, तेव्हा आधी चौकशी कर.

ती लोखंडी तवा आणते म्हणेल. बूड सपाट असेल तरच हो म्हण. गोलसर तवा आणि खोलगट कढई काचेच्या शेगडीवर डुगडुगतात, मधोमध तेवढं तापतं. फुलके थेट आचेवर फुगवायची सवय असेल तर तीही तिथे चालणार नाही, पोळी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागेल. ते निघायच्या आधीच सांगून ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘ही कसली शेगडी’ म्हणून रुसून बसेल.