शांततेचा अभ्यास आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. शांतता, सुरक्षा आणि मानवतावादी मदतकार्य या विषयांत एम. ए. करण्याचा तिचा हट्ट आहे, तर घरच्यांचा आग्रह बी. एड.चा. या अभ्यासात शिकवतात तरी काय आणि पुढे काम मिळते का?
– एक पालक, औसा (जि. लातूर)

उत्तर : आपल्याच तालुक्यातील किल्लारीपासून सुरुवात करू. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावे नव्या जागी वसवली गेली, पण अनेक ठिकाणी शहरी धाटणीच्या सरळ आखणीत गोठ्याला, धान्याच्या साठवणीला आणि भावकीच्या शेजाराला जागाच उरली नाही. मदत कोणी ठरवायची आणि ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना कधी विचारायचे, हा या अभ्यासातील कळीचा प्रश्न आहे. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, असे आपत्तीतील मदतीचे जागतिक मानक यात शिकवले जाते; २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी मागवणाऱ्या लातूरकरांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

शांततेची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी हिंसा थांबणे आणि अन्यायाची मुळे दूर होणे यांत भेद केला. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. ते थांबले, तरी नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या वर्षांना शांतता म्हणावे का, यावर एम. ए.च्या वर्गात एक सत्र सहज खर्ची पडेल.

शिक्षणाची सोय देशातच आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियातील नेल्सन मंडेला केंद्रात संघर्ष व शांतता, पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्र, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापन हे विषय शिकवले जातात. स्वीडनमधील उप्साला किंवा इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड यांचा विचार शिष्यवृत्ती मिळाली तरच करावा. त्यासाठी शेत गहाण टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामाचे म्हणाल तर ते मिळते, पण बहुधा प्रकल्पापुरते, वर्षा-दोन वर्षांच्या कराराने. कायम नोकरीच हवी असेल तर घरच्यांचा आग्रह चुकीचा नाही. केवळ सिद्धान्त जाणणाऱ्यापेक्षा सर्वेक्षण, हिशेब किंवा पाणीपुरवठा यांपैकी एक गोष्ट हाताने करता येणाऱ्याला संस्था आधी घेतात. म्हणून प्रवेशापूर्वी मुलीला सुट्टीत एखाद्या पुनर्वसित गावी पाठवावे आणि नव्या घरात लोकांनी स्वतः काय काय बदलून घेतले, याची घरोघरी नोंद करायला सांगावे. ते काम तिला आवडले, तर बी. एड.चा अर्ज बाजूला ठेवण्यास हरकत नाही.