इंटर्नल ऑडिट आणि कम्प्लायन्सचं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे, तीन डेमो पाहिले. निवड कशी करावी?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. चाकणला ऑटो पार्ट्सचा कारखाना, सुप्याला दुसरा छोटा प्लांट. गेल्या वर्षी उलाढाल दोनशे कोटींच्या वर गेली, म्हणून सीएंनी इंटर्नल ऑडिटर नेमायला सांगितलं. आजवर सगळं एक्सेलवर चाललं. आता तीन डेमो झाले, तिन्ही चांगले वाटले आणि संचालक विचारताहेत, कुठलं घ्यायचं?

मी तेरा वर्षं इंटर्नल ऑडिटमध्ये आहे, त्यातली बहुतेक पुणे-नगर रस्त्यावरच्या कारखान्यांत गेली. अशा खरेदीत तीनदा बसले आहे. पहिल्या वेळी आम्ही चुकलो, आणि ती चूक तुमच्या उपयोगाची आहे.

त्या कंपनीत ४१० कामगार होते. सॉफ्टवेअर बसवून पाच महिने झाले होते. दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर पूर्ण झालेल्या कामांचं हिरवं वर्तुळ दिसायचं, कधी ९८ टक्के, कधी ९९. एका महिन्यात पीएफचं काम १४ तारखेलाच 'पूर्ण' दिसत होतं. मुदत १५ची. पुढे टॅक्स ऑडिटच्या वेळी बँकेचं स्टेटमेंट जुळवताना कळलं की पैसे गेले १७ला. एचआरमधल्या मुलाने ईसीआर (पीएफचं मासिक विवरण) अपलोड केला, चलन तयार झालं, त्या चलनाचा नंबर (टीआरआरएन) आला. त्याने ते चलन जोडलं आणि टिक केली. त्याच्या बाजूने काम झालं होतं. पैसे भरायचे अकाउंट्सने, आणि तिथे त्या दोन दिवसांत बँकेची सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, संपलेली होती. चलन तयार होणं आणि पैसे भरले जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या सॉफ्टवेअरला कोणी सांगितलंच नव्हतं.

दोन दिवसांचा उशीर केवढ्याला पडला ते सांगते. तेव्हाच्या नियमाने कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ मुदतीत भरला नाही, तर आयकरात त्याची वजावट कायमची जायची, नंतर भरला तरी मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात हेच म्हटलं होतं. आमची त्या महिन्याची कपात सात लाखांच्या आसपास होती. ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली गेली आणि पावणेदोन लाखांच्या आसपास कर वाढला. पीएफवरचं व्याज आणि दंड निराळे.

म्हणून डेमोत मी पहिला प्रश्न हाच विचारते: काम हिरवं कसं होतं? कुठलीही फाइल जोडली की होतं, की ठरावीक पुरावाच लागतो? टिक करणारा आणि तपासणारा एकच माणूस असू शकतो का? पीएफच्या बाबतीत टिक एचआर करेल, पण पैसे गेल्याची पावती अकाउंट्सने पाहिल्याशिवाय काम बंद होता कामा नये. आणि उशिरा झालेलं काम पुढे कसं दिसतं? बऱ्याच ठिकाणी १५चं काम १७ला केलं की तेही हिरवं होतं आणि उशीर अहवालातून नाहीसा होतो. 'उशिरा पूर्ण' हा वेगळा रंग वर्षभर तसाच राहिला पाहिजे. तो पुसता येत असेल तर बाकीचं काही बघू नका.

आता तुमच्या तीन डेमोंबद्दल. माझा अंदाज आहे की तुम्ही तीन वेगळ्या जातींच्या वस्तू पाहिल्यात, म्हणूनच तुलना होत नाहीये. एक असतं कम्प्लायन्स ट्रॅकर. कुठला कायदा लागू, कुठल्या तारखेला काय भरायचं, कोणी भरायचं एवढं ते सांगतं. पुण्याची टीमलीज रेगटेक, कोलकात्याच्या लेक्सप्लोजनचं कॉमरिस्क ही या प्रकारातली. दुसरं असतं ऑडिट मॅनेजमेंट: ऑडिटचा आराखडा, वर्किंग पेपर (तपासणीच्या नोंदी), निघालेले पॉइंट (त्रुटी), त्यांचा फॉलोअप. वोल्टर्स क्लूव्हरचं टीममेट हे त्यातलं जुनं नाव. तिसरं म्हणजे डेटा तपासणारी साधनं, एसीएल आणि आयडिया यांसारखी. तीही 'ऑडिट सॉफ्टवेअर' म्हणूनच विकली जातात.

फरक एका उदाहरणात सांगते. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचं बिल ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर आयकराच्या नियमामुळे (१९६१च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ट्रॅकर फक्त आठवण करेल. कुठल्या पुरवठादाराचं कुठलं बिल अडकलंय, हे ईआरपीतला (कंपनीच्या खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला) डेटा काढूनच कळेल. तेव्हा आपली दुखरी बाजू कोणती ते आधी ठरवा. दोन प्लांट आणि एक्सेल, म्हणजे माझ्या मते तुम्हाला आधी ट्रॅकर हवा, त्यात ऑडिट पॉइंटचा साधा फॉलोअप असला की पुरे. डेटाचं काम नेमलेला ऑडिटर स्वतःच्या साधनांनी करेल.

कंपनी कायद्याच्या कलम १३८ नुसार तुमच्यासारख्या खाजगी कंपनीला इंटर्नल ऑडिटर नेमावा लागतो, मागच्या वर्षीची उलाढाल २०० कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर, किंवा बँका-वित्तीय संस्थांचं कर्ज १०० कोटींच्या वर गेलं असेल तर. सॉफ्टवेअर घ्याच, असं तो कायदा कुठेही म्हणत नाही. विक्रेते आणखी एक गोष्ट पुढे करतात, 'आमच्यात एमसीएचा ऑडिट ट्रेल आहे'. एमसीए म्हणजे केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय, ऑडिट ट्रेल म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद. १ एप्रिल २०२३ पासूनचा तो नियम हिशेब ठेवण्याच्या सॉफ्टवेअरला आहे, म्हणजे तुमच्या टॅलीला किंवा ईआरपीला. कम्प्लायन्सच्या सॉफ्टवेअरमध्येही बदलांची नोंद हवीच, कोणी कधी काय बदललं ते दिसलंच पाहिजे. पण असं सॉफ्टवेअर घेतल्याने टॅलीची जबाबदारी संपत नाही.

कायद्यांच्या यादीवर वेळ द्या. डेमोत हजारो कायदे दाखवतात. तुम्ही म्हणा, मला चाकणच्या प्लांटची यादी काढून द्या. मग त्यात तीन ठिकाणी बोट ठेवा.

पहिलं, महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरला कापायचा असतो म्हणून हमखास विसरला जातो. २०२४ मध्ये दर बदलले, आता कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. यादीत जुना आकडा दिसला तर समजा, राज्याच्या कायद्यांकडे त्यांचं लक्ष नाही.

दुसरं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवण्याची त्यांची परवानगी. बहुतेक याद्यांत एकच ओळ असते, 'कन्सेंटचं नूतनीकरण'. पण तुमचा कन्सेंट उघडून वाचा. सांडपाण्याची मर्यादा, चिमणीची तपासणी, जनरेटरच्या धुराड्याची उंची, झाडांचं क्षेत्र, घातक कचरा कुठे आणि किती पाठवायचा, अशा अटींवर अटी असतात. शिवाय घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत. या अटी फक्त तुमच्या कारखान्याच्या आहेत, कुठल्याही तयार यादीत त्या सापडणार नाहीत. म्हणून विचारा: एकेक अट वेगळं काम म्हणून आम्हाला स्वतः टाकता येते का, की प्रत्येक वेळी पैसे देऊन तुमच्याकडून टाकून घ्यायची? माझ्या अनुभवात कारखान्याला नोटीस येते ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या अटीवरून, नूतनीकरण वेळेत झालेलं असताना.

तिसरं, श्रम संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ला चार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत गेले. विक्रेत्याला सांगा, फॅक्टरीज अ‍ॅक्टखालचं एखादं काम आत्ता उघडून दाखवा. त्या तारखेनंतर त्यात काय बदललं, कोणत्या दिवशी बदललं, जुन्या नोंदी राहिल्या की पुसल्या गेल्या? कायदा बदलल्यावर त्यांची माणसं किती दिवसांत यादी बदलतात, हे माहितीपत्रकात मिळत नाही, इथे पाच मिनिटांत कळतं. तुम्ही वर्षाला पैसे देणार आहात ते मुख्यतः याच कामाचे.

ऑडिटच्या बाजूला मी एकच गोष्ट घट्ट धरते, ती म्हणजे मुदतवाढ. पॉइंट निघतो, विभागप्रमुख ३० जूनची तारीख देतो, मग ती सप्टेंबर होते, मग डिसेंबर. अहवालात फक्त शेवटची तारीख दिसली, तर तो पॉइंट कधीच रखडलेला दिसणार नाही. पहिली तारीख, किती वेळा वाढली आणि कोणाच्या मंजुरीने, या तिन्ही गोष्टी संचालकांसमोर आल्या पाहिजेत. आणि पॉइंट बंद करण्याचा अधिकार ज्याच्यावर पॉइंट आहे त्याच्याकडे नको, ऑडिटरकडे हवा. डेमोत विभागप्रमुखाचं लॉगिन मागून घ्या आणि स्वतः बंद करून बघा.

आता ज्यांना हे रोज भरायचंय त्यांच्याविषयी. डेमो पाहतात सीएफओ आणि कंपनी सेक्रेटरी. भरणार कोण? ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवरचा) ऑपरेटर, सेफ्टी ऑफिसर, टाइम ऑफिसमधला क्लार्क. दुसऱ्या खरेदीच्या वेळी आम्ही ईटीपीवरच्या दादांनाच बोलावून घेतलं आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. पीएचचं रीडिंग आणि मीटरचा फोटो टाकायला त्यांना सात वेळा स्क्रीन बदलावी लागली, आणि सगळं इंग्रजीत. ते म्हणाले, "मॅडम, मी वहीत लिहितो, तुम्ही कोणाकडून तरी भरून घ्या." दुसऱ्याने नंतर भरलेली नोंद म्हणजे पुरावा नव्हे. ते सॉफ्टवेअर आम्ही सोडलं, बाकी सगळं उत्तम असूनही. मराठीत सूचना आणि दोन-तीन टप्प्यांत फोटो, एवढं जमतंय का ते तुमच्याच माणसाकडून करवून घ्या.

पैशांचं थोडक्यात. दर माणशी आहे की प्लांटमागे ते विचारा. माणशी असेल तर लोक एक लॉगिन चौघांत वापरतात आणि कोणी टिक केली हेच कळेनासं होतं, तेव्हा प्लांटमागे दर मिळाला तर बघा. आणि करार संपल्यावर जोडलेल्या सगळ्या पावत्या, नोंदींसकट, आपल्याला कुठल्या रूपात परत मिळतील ते करारात लिहून घ्या. नुसती एक्सेलची यादी मिळाली आणि पावत्या त्यांच्याकडेच राहिल्या, तर चार वर्षांनी नोटीस आली की हातात काही नसेल.

मी तुमच्या जागी असते तर लगेच सही केली नसती. सुप्याचा प्लांट छोटा आहे, तिथे दोन महिने चालवून बघितलं असतं, एक्सेल बंद न करता. आणि त्याआधी तिघांनाही पुन्हा बोलावलं असतं, या वेळी त्यांचा नमुना डेटा नको म्हणून सांगून. तुमचा कन्सेंट, गेल्या ऑडिटमधले तीन रखडलेले पॉइंट आणि गेल्या वर्षी उशिरा भरलेलं एखादं चलन टेबलावर ठेवा. ते चलन त्यांच्यासमोर सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि कुठला रंग येतो ते बघा.