कोणी सांगितलं, कुठं सांगितलं

चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐन वेचणीत आलं. कापसाचा काटा झाला, मजूर घरी गेले, मग रात्री ओसरीवर बसून वाचलं. भाच्याचं नाव केशव ठेवलं आणि बारशातच तीन अर्थ निघाले. आबाजी म्हणाले, ‘केशी राक्षसाले मारलं म्हनून केशव.’ कॉलेजच्या सरांनी सांगितलं, सुंदर केसांचा तो केशव. मोबाइलवर तुला ब्रह्मा, विष्णू, महेश सापडले. आता मला विचारतेस, यातला खरा कोणता?

खरा कोणता ते मागाहून पाहू. आधी तो कोणी सांगितला आणि कुठं सांगितला, ते लिही.

सरांचा अर्थ व्याकरणकार पाणिनीपाशी जातो. त्याच्या अष्टाध्यायीतलं सूत्र, ‘केशाद्वोऽन्यतरस्याम्’, 5.2.109. ‘केस असलेला’ या अर्थी केश शब्दाला ‘व’ लागतो, तोही विकल्पानं, म्हणजे लागलाच पाहिजे असं नाही. म्हणून केशवान्, केशिक, केशी हे शब्दही त्याच अर्थाचे. केशी! इथं जरा थांब. मारला गेला तो घोड्याच्या रूपातला, आयाळवाला केशी, आणि मारणारा केशव. व्याकरणाच्या हिशेबानं दोघंही केसवालेच. हे मला उमगलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आबाजींचा अर्थ विष्णुपुराणातला आहे, पाचवा अंश, सोळावा अध्याय. केशी पडल्यावर नारद कृष्णाला म्हणतो, या दुष्टाला तू मारलंस म्हणून लोक तुला केशव या नावानं ओळखतील. तुझ्या पत्रात ‘आबाजींचं आपलं भोळं’ असं आहे. ते मला आवडलं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं पुराणातला अर्थ जसाच्या तसा सांभाळून ठेवला, यात भोळं काय आहे?

मोबाइलवाल्यानं मात्र पत्ता दिला नाही, तो मी देतो. विष्णुसहस्रनामावर शंकराचार्यांच्या नावाचं भाष्य आहे. त्यात केशव हे 23वं नाव. तिथं आधी सुंदर केस, मग क म्हणजे ब्रह्मा, अ म्हणजे विष्णू, ईश म्हणजे शिव, हे तिघं ज्याच्या वश आहेत तो, आणि शेवटी केशीचा वध. तुझ्या घरात ज्यावरून वाद झाला ते तिन्ही अर्थ भाष्यकारानं एका नावाखाली शेजारी शेजारी बसवलेत! पुढं 648वं नाव पुन्हा केशवच. तिथं तो चौथाच अर्थ देतो: सूर्यादिकांचे किरण हेच केस, ते ज्याचे आहेत तो केशव. आधाराला महाभारतातला श्लोकही देतो. एवढा मोठा भाष्यकार, तोसुद्धा अर्थ नुसता सांगून मोकळा होत नाही. मग आपण काहून व्हावं?

हे मी तुला तावातावानं सांगतो, त्याला कारण आहे. विशीत मी एका शास्त्रीबुवांकडे जात होतो, पलीकडच्या गावी, सायकलनं. ते बोलायचे आणि मी अर्थ टिपायचो. ग्रंथाचं नाव, अध्याय ते दर वेळी सांगायचे. मला ते लिहायचा कंटाळा होता. वाटायचं, बुवा आहेतच, केव्हाही विचारू. बुवा गेले. त्यांच्या पोथ्या वाळवीनं खाल्ल्या. माझी वही अजून पेटीत आहे, दोनशे पानं. त्यातले निम्मे अर्थ कुठले, हे मला आजही सांगता येत नाही. काही बुवांनी स्वतः जुळवलेले असतील, काही मीच चुकीचे ऐकलेले. वही फेकवत नाही आणि वापरताही येत नाही.

म्हणून पुढं हट्टाला पेटलो. एका मासिकानं माझा लेख घेतला आणि कळवलं, संदर्भ काढा, वाचकाला गोड अर्थ पुरतो. मी लेख परत मागवला. तो कुठंच छापला गेला नाही, पुढं कुणी मागितलाही नाही. घरचे आजही म्हणतात, चार ओळी काढल्या असत्या तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. माझ्या वहीसारखी आणखी एक वही लोकांच्या घरोघर गेली असती. माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

कौंडिण्यपूर रुक्मिणीचं माहेर, म्हणजे केशव आपल्या विदर्भाचा जावई. त्याच्या नावाची चौकशी आपण नीट करायला नको का?

तुरी निघाल्या की ये. भाष्य माझ्यापाशी आहे, दोघं मिळून वाचू. वही आण, समास रुंद सोड, आणि अर्थ लिहायच्या आधी समासात लिही: कोणी, कुठं.

आणि आबाजींना विचार, हा अर्थ त्यांनी कोणाच्या कीर्तनात ऐकला, कोणत्या गावी, किती वर्षांचे असताना. तेही समासात लिही. ऐंशी पार केलीय त्यांनी. याच आठवड्यात विचार.

तुझा,
काका