लॅपटॉप दुकानात अडकला, नऊ हजार मागतात : काय करावे?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मी आणि यजमान घरूनच मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पेट्या पाठवतो. गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन, येणी सगळे २०१७ साली घेतलेल्या लॅपटॉपमध्ये. विंडोज १० बंद होणार म्हणून कणकवलीतल्या एका दुकानात विंडोज ११ टाकायला दिला. १,५०० रुपये फोनवरून भरले, पावती मिळाली नाही. घरी आणल्यावर सुरूच होईना. निळ्या पडद्यावर ‘४८ अंकी रिकव्हरी की टाका’ एवढेच येते. परत नेला तर दुकानदार म्हणतो, “बोर्ड गेलो, नऊ हजार पडतले, नायतर फॉरमॅट मारूक होयो.” पैसे दिल्याशिवाय लॅपटॉप द्यायला तयार नाही. भिंतीवर ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ अशी पाटी आहे. बुकिंगचे दिवस तोंडावर आलेत. कायद्याने काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येईल. पण तक्रारीच्या आधी आजच एक काम करा. दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा : “माझ्या लेखी परवानगीशिवाय लॅपटॉप फॉरमॅट करू नये, डिस्क बदलू नये.” तोंडी सांगू नका, लिहूनच पाठवा. डिस्क पुसली गेली तर गिऱ्हाइकांची यादी जाईल आणि त्याच्या चुकीचा पुरावाही जाईल. परवानगीशिवाय कोणाच्या संगणकातली माहिती पुसणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाईला पात्र आहे. मेसेजमध्ये या कलमाचा उल्लेख जरूर करा.

आता त्या निळ्या पडद्याविषयी, कारण तुमची सगळी बाजू त्यावर उभी आहे. तो पडदा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला असलेल्या कुलपाचा आहे. अपग्रेड करताना बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीतल्या) सेटिंग बदलल्या की लॅपटॉप सावध होतो आणि ती ४८ अंकी ‘की’, म्हणजे कुलपाची किल्ली, मागतो. घराची किल्ली सापडत नाही म्हणून भिंत पडली असे होत नाही. बोर्ड, म्हणजे लॅपटॉपमधली मुख्य सर्किटपाटी, पुरता गेला असता तर हा पडदाच उमटला नसता. आणि हे नीट लक्षात घ्या : हे कुलूप बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपशी बांधलेले असते. नऊ हजार देऊन नवा बोर्ड बसवलात तरी डिस्क तीच ४८ अंकी की मागणार. तुमची यादी त्या पैशांनी परत येणार नाही.

की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. २०१७ मध्ये लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला ते आठवा. भाचा, पुतण्या, दुकानातला मुलगा, ज्याच्या ई-मेलने तो सुरू झाला त्याच्या खात्यात पाहायला सांगा. पडद्यावर ‘की आयडी’ दिसतो, त्याचा फोटो काढून घ्या आणि खात्यातल्या आयडीशी ताडून पाहा. अपग्रेडच्या वेळी दुकानदाराने स्वतःच्या खात्याने लॉगिन केले असेल तर की त्याच्याकडेही असू शकते. ती लेखी मागा. की कुठेच सापडली नाही तर मात्र डेटा कोणीही काढू शकत नाही, मग ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

दुकानदार लॅपटॉप अडवून ठेवू शकतो का? भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागिराला वस्तू रोखण्याचा हक्क आहे, पण केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरताच. अपग्रेडचे पैसे तुम्ही दिलेत. नऊ हजार हे अजून न केलेल्या कामाचे आहेत. त्यासाठी वस्तू अडवता येत नाही. तपासणीचे शुल्क आधी ठरले असेल तर तेवढे द्या आणि लॅपटॉप घेऊन या.

त्याची चूक कोणती, हे तक्रारीत नेमके मांडा. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर मागते. २०१७ चा लॅपटॉप बहुधा सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा असतो. अशा यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या या तपासणीला बगल देऊन विंडोज ११ टाकता येते, पण धोका आधी सांगायला हवा होता. सेवा देणाऱ्याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतली त्रुटी आहे. पावती न देणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती नसली तरी फोनवरून भरलेल्या पैशांची नोंद आणि मेसेज पुरेसे बोलतात. पाटीचा आधार त्याचा वकील घेईलच. पण काम घेताना ती अट कोणी दाखवली नसेल, तुम्ही मान्य केली नसेल, तर नुसत्या पाटीमुळे निष्काळजीपणा माफ होत नाही.

एक आडकाठी येईल : “या तर व्यापारासाठी वापरतात, ग्राहक कशा?” स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि वापरलेली वस्तू कायदा व्यावसायिक हेतूत धरत नाही. यजमानांची मदत आहे म्हणून स्वयंरोजगार संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्पष्ट केले आहे. बाग घरचीच, विक्री तुम्हीच करता, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

पुढचा क्रम असा. स्पीड पोस्टाने नोटीस : लॅपटॉप परत, रिकव्हरी की, बोर्ड कशाने गेला याचे लेखी कारण आणि १,५०० रुपये, पंधरा दिवसांत. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ दुकानदार तिथेच नमतात. नाही नमला तर सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे, घाई नाही. मागणी वाजवी ठेवा : १,५०० रुपये, दुसऱ्या तंत्रज्ञाचा खर्च, त्रासाची भरपाई. बुडालेल्या ऑर्डरींचे पैसे मागायचे तर कोणत्या गिऱ्हाइकाची किती पेट्यांची ऑर्डर गेली याचे मेसेज हवेत. नुसता आकडा टाकला तर तो टिकत नाही.

की मिळून लॅपटॉप उघडला तर इतर काही करण्याआधी सगळी यादी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एखाद्या ई-मेलवर उतरवून घ्या. विंडोज १० वर परतायचे की नवे यंत्र घ्यायचे, ते नंतर पाहू. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यामुळे हा हंगाम त्या जुन्या लॅपटॉपवर निघू शकेल.