मास्टोडॉनमध्ये (ट्विटरसारखे समाजमाध्यम स्वतः चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर) बदल करून ते फक्त स्वतःच्या सर्व्हरवर चालवले, तर सोर्स कोड द्यावा लागतो का?

होय, द्यावा लागतो. साध्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात ही जबाबदारी प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्याच्या हाती दिल्यावरच येते. त्यामुळे सर्व्हरवर बदललेला प्रोग्रॅम चालवून लोकांना केवळ सेवा देणारा त्यातून सुटत असे. मास्टोडॉनचा परवाना मात्र एजीपीएलची, म्हणजे जीपीएलच्या नेटवर्क सेवांसाठीच्या रूपाची, तिसरी आवृत्ती (नोव्हेंबर २००७) आहे आणि तिच्या १३व्या कलमानुसार, तुम्ही प्रोग्रॅममध्ये बदल केला असेल, तर नेटवर्कवरून तो वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या बदललेल्या आवृत्तीचा संपूर्ण सोर्स कोड विनामूल्य मिळवण्याची सोय ठळकपणे दाखवावी लागते. काहीही न बदलता तो जसाच्या तसा चालवला, तर हे कलम लागू होत नाही.

प्रत्यक्षात बहुतेकांची चूक एका दुव्यापाशी होते. मास्टोडॉनच्या पानाच्या तळाशी सोर्स कोडचा दुवा आधीपासूनच असतो, पण तो मूळ प्रकल्पाकडे नेतो; तुम्ही एखादे बटण जरी बदलले असले, तरी तो तुमच्या कोडकडे वळवायला हवा. पासवर्ड, गुप्त किल्ल्या आणि सदस्यांची माहिती हा सोर्स कोडचा भाग नाही. ती चुकूनही त्यासोबत बाहेर जाऊ देऊ नका.