कांद्याच्या ढिगात हवा आपोआप फिरते का?

तुम्ही विचारलंय की पेटीत वाळू किंवा खडे भरले तर फटींतली हवा आपोआप फिरते का, आणि पुस्तकातला 39.5 हा आकडा नेमका कसला. मी मेकॅनिकल शिकलो, पण हे डोक्यात शिरलं घरच्या कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात. म्हणून तिथूनच सांगतो.

आधी आकड्याचं उरकतो. बंद पेटी, तळ गरम, झाकण गार. गरम हवा वर जायला बघते, अरुंद फटी तिला अडवतात आणि तिची उष्णता वाटेतच शेजारच्या खड्यांत मुरते. या ओढाताणीचा हिशेब म्हणजे सच्छिद्र माध्यमाचा, म्हणजे अशा फटीफटींच्या थराचा, रॅले अंक. तो पायच्या वर्गाच्या चौपटीपुढे, म्हणजे 39.5 च्या वर गेला की अभिसरण सुरू, म्हणजे हवा आपोआप फिरू लागते. त्याखाली नुसतं वहन, म्हणजे हवा जागेवरच आणि उष्णता तेवढी पुढे सरकते. हॉर्टन आणि रॉजर्स या संशोधकांनी 1945 मध्ये आणि लॅपवुडने 1948 मध्ये हे गणित मांडलं. (पेटी बाजूने तापवली तर असा उंबरठा नसतो, हवा थोडी तरी हलतेच.)

आता खरी गंमत फटींची. दाण्याचा व्यास दुप्पट केला तर हवेची वाट चौपट सोपी होते. गव्हाचा दाणा 4 मिलिमीटर, कांदा 5 सेंटिमीटर, म्हणजे फरक दीडशेपटीचा. चार फुटांचा थर आणि तळ-माथ्याच्या तापमानात 5 अंशांचा फरक धरला तर माझ्या ढोबळ हिशेबाने गव्हाचा अंक एकच्या आसपास येतो, कांद्याचा शंभराच्या पुढे. तुमच्या वाळूत हवा हलणार नाही, हे त्यावरूनच समजा.

चाळ काही बंद पेटी नाही. तळ जमिनीपासून उचललेला, पट्ट्यांत फटी ठेवलेल्या, आणि कांदा स्वतःच श्वास घेत ऊब आणि वाफ सोडत असतो. त्यामुळे 39.5 तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. ओढाताण मात्र तीच.

एका वर्षी मजूर मिळेनात, तर एक कप्पा आम्ही न निवडताच भरला. गोलटी (बारीक कांदा), माती, सुकलेली पात, सगळं आत. ऑगस्टमध्ये ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तर बाहेर गार वारा आणि आत मनगटाला चिकट ऊब. शेजारच्या निवडलेल्या कप्प्यात तसं काहीच नव्हतं. मोठ्या कांद्यांमधल्या जागेत गोलटी बसली की पोकळी 40 टक्क्यांवरून 30 वर येते असं धरा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हवेची वाट एक तृतीयांशाच्याही खाली जाते. त्या कप्प्याच्या मधोमध नंतर काळं पाणीच निघालं.

आता गोलटी आम्ही काढणीलाच विकून टाकतो, भाव काहीही असो.